साहेबांचे सलाइन

थेंब सिस्टर हे नाव त्यांना वॉर्डातल्या एका पेशंटने दिले आणि ते असे चिकटले की पगाराच्या दिवशी ऑफिसातला कारकूनसुद्धा खऱ्या नावाच्या आधी हीच हाक मारून मोकळा व्हायचा. पस्तीस वर्षे त्या एकाच हॉस्पिटलात नर्स होत्या. सलाइन लावायला त्या कधी घड्याळाकडे बघत नसत. नळीवरचे चाक अंगठ्याने सरकवायचे, नजर थेंबांच्या कुपीवर ठेवायची आणि मनात देवाचे नाव सुरू करायचे. एका नामाला एक थेंब. हळू हवे असेल तर दोन नामांना एक. नाम त्यांच्या जिभेवर लहानपणापासून असे बसलेले की वॉर्डात आरडाओरडा असो, स्वतःच्या अंगात ताप असो, त्याची लय ढळत नसे.

नव्याने आलेल्या एका डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून तीनदा तपासून पाहिले. तिन्ही वेळा बरोबर.

"सिस्टर, तुम्ही देवालाच कामाला लावलंय की हो!"

"त्याला सवय आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही तेवढं अक्षर सुधारा, मला गोळीचं नाव लागत नाहीये."

शिकाऊ मुलींची नवी तुकडी आली की पहिल्याच दिवशी त्यांची एक ठरलेली शिकवणी असे. टेबलावर दोन वाट्या. एकीत साधे पाणी आणि त्यात सकाळपासून भिजत घातलेले बेदाणे, दुसरीत मीठ चोळलेल्या काकडीच्या चकत्या.

"बेदाणा का फुगला?" सिस्टर विचारायच्या.

"पाणी आत गेलं."

"काकडी का मेल्यासारखी पडली?"

"पाणी बाहेर आलं."

"पाण्याला कुणी बोलावलं होतं का? नाही. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी आपणहून धावतं. पेशीचं आवरण म्हणजे विटांची भिंत नव्हे गं मुलींनो, दारावरचा राखणदार आहे तो. पाण्याला म्हणतो, जा बाबा. मिठाला म्हणतो, थांब, कुठे निघालास? काहींना हाताला धरून आत घेतो, काहींना ढकलून बाहेर काढतो, आणि त्या ढकलाढकलीत दिवसभर घाम गाळतो. आता सांगा, रक्तातली पेशी साध्या पाण्यात पडली तर?"

"फुगेल."

"आणि?"

"फुटेल!"

"म्हणून शिरेत साधं पाणी?"

"कधीच नाही!" सगळ्या एका सुरात ओरडायच्या. जिचा सूर मागे राहील तिला ती खारट काकडी खावी लागे.

अशा या सिस्टर आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. घरी त्या आणि त्यांचे यजमान, दोघेच. यजमान शाळेची बस चालवतात. साठीला आले तरी पोरांच्या संगतीत राहून जीभ अजून शाळकरीच आहे. रिकामपण आले तशी सिस्टरांच्या मनाने एकच गोष्ट घेतली, की नानांना आपल्याकडे आणायचे.

नाना म्हणजे सिस्टरांचे वडील. वय त्र्याऐंशी. घड्याळे दुरुस्त करण्यात जन्म गेला. हात थरथरू लागले तेव्हा दुकान स्वतःहून बंद केले आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. एकटे म्हणजे अगदीच एकटे नव्हेत. सोबतीला साहेब होते.

साहेब म्हणजे मासा. तळहाताएवढा, नारिंगी, पोटाशी पांढरा. सिस्टरांच्या आईने जाण्याआधीच्या वर्षी हौसेने आणलेला. दिवसभर काही काम करायचे नाही, वेळच्या वेळी खायचे आणि काचेतून सगळ्यांकडे नापसंतीने बघायचे, म्हणून आईनेच त्याचे नाव साहेब ठेवले होते. आई गेली त्याला दहा वर्षे झाली. साहेब होते तिथेच होते.

मागच्या महिन्यात नाना न्हाणीघरात पाय घसरून पडले. खरचटण्यावर निभावले, देवाची कृपा. पण सिस्टर रोज जाऊन नानांच्या मागे लागल्या.

"नाना, आमच्याकडे तळमजला आहे. एक पायरी नाही."

"मला पायऱ्या आवडतात."

"जेवण गरम मिळेल."

"मी थंड खातो."

"अहो, पुन्हा पडलात तर?"

"पडलो तर उठेन. मागच्या वेळी कोण उठलं, तू?"

शेवटी एका रविवारी नानांनी बोलणे आवरते घेतले. "हे बघ पोरी. आधी साहेबाला ने. मी पाहुणा म्हणून आठ दिवस येतो. आठ दिवसांत तुझं घर त्याला मानवलं तर माझं बघू. नाही मानवलं, तर आम्ही दोघं परत. आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," सिस्टर म्हणाल्या. मासा सांभाळायचा म्हणजे काय मोठे! पस्तीस वर्षे माणसे सांभाळली.

झाले. सिस्टर कामाला लागल्या. नानांची चाळीस लिटरची काचेची टाकी आणून घासूनपुसून लखलखीत केली. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनच्या भक्कम टेबलावर ती बसवली. आता पाणी. नळाचे पाणी त्यांच्या मनाला पटेना. कुठून कुठून येते, कुठल्या पाइपांतून येते. हॉस्पिटलात अवजारे निर्जंतुक करायच्या यंत्रात डिस्टिल्ड वॉटर घालत, कारण त्याच्याहून स्वच्छ पाणी जगात नाही. त्यांनी यजमानांना पाच-पाच लिटरचे आठ डबे आणायला लावले.

"अगं, हे मी बसच्या बॅटरीत घालतो," यजमान म्हणाले.

"म्हणजे बॅटरीची काळजी माझ्या वडिलांच्या माशापेक्षा जास्त घेता तुम्ही."

यजमानांनी डबे ओतले.

दुपारी नाना आले. हातात एकच पिशवी, तीही उघडली नाही, पलंगाच्या पायाशी तशीच ठेवली. साहेब मांडीवरच्या झाकणाच्या डब्यातून आले. टाकीतले पाणी इतके नितळ की नाना वाकून म्हणाले, "ह्यात पाणी आहे ना नक्की?"

"हात घालून बघा."

"एकदम सोडायचा?"

"मग काय, आमंत्रणपत्रिका द्यायची? स्वच्छ पाणी आहे हो नाना, आरशासारखं."

साहेब आरशात गेले. एक फेरी मारली, दुसरी अर्धी मारली आणि कोपऱ्यात जाऊन थांबले. नवीन जागा आहे, लाजला असेल, असे सगळ्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तळाशी बसलेले होते. पर अंगाला मिटून घेतलेले, पोट आदल्या दिवसापेक्षा टुमटुमीत, आणि कल्ले जिना चढून आलेल्या माणसासारखे धापा टाकत होते. नानांनी दाणे टाकले. दाणे तरंगत राहिले. साहेबांनी वर पाहिलेदेखील नाही.

नाना खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. मग उठून पलंगाच्या पायाशी गेले आणि पिशवी उचलून दाराजवळ, चपलांच्या फळीवर आणून ठेवली.

सिस्टरांनी ती पिशवी पाहिली. वडील रागावले असते, तोंडाला तोंड देता आले असते. पण आता काय बोलायचे? त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून नुसत्याच उभ्या राहिल्या. आईच्या हातचा मासा आपल्या घरी एका दिवसात आडवा झाला, तर नाना पुन्हा या घराची पायरी चढायचे नाहीत. नव्हे, पायरी नाहीच आहे. उंबरा ओलांडायचे नाहीत. आणि ते तिकडे एकटे, ते न्हाणीघर, ती गुळगुळीत फरशी. देवा, काहीतरी सुचव रे बाबा.

इतक्यात सकाळची फेरी संपवून यजमान आले. घामाघूम झालेले. आठव्या डब्यात थोडे पाणी उरले होते, तेच त्यांनी पेल्यात ओतले आणि एक घोट घेऊन तोंड वाकडे केले.

"शी! ह्याला चवच नाही. काही म्हणजे काहीच लागत नाही जिभेला."

"अहो, चव कशी लागेल, त्यात काही नसतंच..." आणि सिस्टरांचे वाक्य तिथेच तुटले.

त्यात काही नसतंच.

बेदाणे. साध्या पाण्यातले फुगलेले बेदाणे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. कपाळावर हात मारून त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"काय झालं? अगं, मला काही होतंय का? मी एकच घोट घेतलाय!" यजमान पेला लांब धरून म्हणाले.

"तुम्हाला काही होत नाही. झालंय ते मला. पस्तीस वर्षं, पस्तीस वर्षं मी मुलींना काकड्या खायला घातल्या, आणि स्वतःच्या घरी... त्या आत्ता इथे असत्या ना, तर मला पोतंभर खायला लावल्या असत्या!"

त्या तशाच उठून नानांसमोर गेल्या. "नाना, चूक माझी आहे. साहेबाला घर नाही बाधलं, माझा शहाणपणा बाधला."

"म्हणजे?"

"माशाच्या अंगात मीठ असतं, आपल्या रक्तात असतं तसंच. बाहेरच्या पाण्यात कमी. त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं कल्ल्यांतून आत घुसत राहतं. गोड्या पाण्यातला मासा तोंडाने पाणी पीत नाही म्हणा ना. न पिताच ते आत येतं. मग तो दिवसभर लघवी करून ते बाहेर टाकतो, आणि जाणारं मीठ कल्ल्यांनी पाण्यातून पुन्हा वेचून घेतो. तुमच्या नळाचं पाणी जड, किटलीला पांढरी खपली धरते ना? त्यात त्याला वेचायला पुष्कळ होतं. माझ्या पाण्यात वेचायला काही नाहीच, आणि पाणी मात्र आत येतच राहतं. बिचारा रात्रभर पाणीच उपसतोय."

नानांनी टाकीकडे पाहिले. "न पिता, दिवसभर लघवी?"

"हो."

"मग माझ्यात आणि त्याच्यात काही फरक नाही. मी निदान पितो तरी." आणि कालपासून पहिल्यांदा त्यांच्या मिशीचा एक कोपरा हलला. लगेच ते गंभीर झाले. "जगेल का?"

सिस्टरांनी नजर चुकवली नाही. पेशंटच्या नातेवाइकांना त्यांनी कधी खोटे सांगितले नव्हते. "सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत कळेल. पण तोवर माझ्या हाताखाली काम करावं लागेल."

"सांग."

मग त्या खोलीचा वॉर्ड झाला. यजमानांना बस घेऊन नानांच्या जुन्या घरी पिटाळले. तिथे पिंपात साठवलेले नळाचे पाणी डबे भरभरून आणायचे.

"बस शाळेची आहे!"

"मग दुसऱ्या खेपेला, दुपारी पोरांना सोडायला जाल तेव्हा अर्धा तास आधी निघा. आता पळा."

त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून सलाइनची कोरी नळी काढली. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या मुलींनी गमतीने भेट दिलेली, लाल फीत बांधून. फीत सोडून त्यांनी ती नानांच्या पिशवीच्या बंदाला गुंडाळून टाकली, जागा मिळेल तिथे. एका बादलीत टाकीतलेच अडीच लिटर पाणी घेतले, हवेचे बुडबुडे सोडणारी नळी त्यात सोडली आणि साहेबांना अलगद उचलून तिथे हलवले. पाणी आले तसे दोन लिटर मोजून डब्यात घेतले, स्वयंपाकाच्या काट्यावर चार ग्रॅम साधे खडेमीठ तोलले, विरघळवले. डबा पडद्याच्या दांडीला टांगला आणि सलाइनची नळी त्याला जोडून खाली बादलीत सोडली.

"सरळ ओतून टाक ना सगळं," नाना कासावीस होऊन म्हणाले. "मीठ हवंय ना त्याला?"

"काल सरळच ओतला होता, नाना. जसं धावत आत गेलं तसं धावत बाहेर काढलं, तर दुसरा धक्का बसेल. त्याच्या पेशींना बसू द्यायचं, उठू द्यायचं. संध्याकाळी सहापर्यंत लागेल. मिनिटाला ऐंशी थेंब."

नानांनी बनियनच्या खिशातून साखळीचे घड्याळ काढले. "ऐंशी कसे मोजणार?"

"मोजते मी." सिस्टरांनी चाकावर अंगठा ठेवला, ओठ किंचित हलू लागले, चाक इंचाच्या दहाव्या हिश्श्याने मागे-पुढे झाले. "घ्या. ऐंशी."

नाना झुकले. घड्याळ एका हातात, दुसऱ्या हाताचे बोट प्रत्येक थेंबाला हवेत. सेकंदकाट्याची एक फेरी पूर्ण झाली.

"अठ्ठ्याहत्तर," नाना विजयी मुद्रेने म्हणाले. "तुझा देव दोन थेंब मागे आहे."

"तुमचं घड्याळ पुढे पळत असेल."

"हे घड्याळ? अगं, ह्या घड्याळावर गावातल्या टॉवरचं घड्याळ लावायचो मी!"

"असेल. टॉवर काही तक्रार करायला येत नाही."

"पुन्हा मोजू."

पुन्हा मोजले. पुन्हा अठ्ठ्याहत्तर. सिस्टर हसून म्हणाल्या, "बरं, मग तुमच्याच घड्याळाने राहू द्या. दर अर्ध्या तासाला मोजायचं, कमी झाले तर मला हाक मारायची. ही ड्यूटी तुमची. जागा सोडायची नाही."

त्या एका वाक्याने काय जादू केली कुणास ठाऊक. दुकान बंद झाल्यापासून नानांना कुणी काही काम सांगितले नव्हते. सगळे त्यांना बसा म्हणत, पडा म्हणत. आता ते बादलीजवळ खुर्ची सरकवून ताठ बसले. डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावले आणि त्यातून थेंबांची कुपी न्याहाळू लागले. अर्धा तास झाला की सावकाश हाक येई, "सिस्टर! एकोणऐंशी!" बापाने लेकीला सिस्टर म्हटल्याचे ऐकून आत सिस्टरांना हसूही येई आणि डोळेही भरून येत.

जेवणसुद्धा नानांनी खुर्चीतच घेतले. गरम होते, फुंकून फुंकून खाल्ले, आणि थंड आवडते हे सोयीस्कर विसरले. तीनच्या सुमारास साहेबांचे पर उलगडले. चारला त्यांनी बादलीच्या तळापासून अंग सोडवले. यजमान दुसऱ्या फेरीचे डबे घेऊन आले तेव्हा नानांनी त्यांना दारातच अडवले.

"जावईबापू, चपला हळू. पेशंट झोपलाय."

"आणि मी जो चार डबे पाणी वाहतोय, तो?"

"तुम्हीही लवकर बरे व्हाल."

सहा वाजता डबा संपला. तोवर सिस्टरांनी मोठी टाकी रिकामी करून जुन्या घरच्या पाण्याने भरली होती, त्यालाही बेताचे मीठ लावले होते. साहेब टाकीत गेले. एक फेरी. दुसरी पूर्ण फेरी. मग काचेपाशी येऊन त्यांनी तिघांकडे पाहिले, नेहमीसारखे, नापसंतीने.

"बघतोय!" नाना ओरडले. "शिव्या देतोय बघ मनातल्या मनात!"

दाणा टाकला. साहेब वर आले, दाणा तोंडात घेतला, थुंकला, विचार केला आणि पुन्हा घेतला. सिस्टरांनी डोळे मिटून हात जोडले. यजमानांचा जीव भांड्यात पडला, कारण तिसरी फेरी वाचली.

नानांनी मात्र काही कबूल केले नाही. "आठ दिवस ठरलेत. अजून सात बाकी," म्हणाले. पिशवी फळीवरच राहिली, बंदाला लाल फीत घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून एक नेम सुरू झाला. रोज सकाळी नाना टाकीतले एक मग पाणी काढत आणि सिस्टरांच्या नळाचे, क्लोरीन उडून जावा म्हणून आदल्या दिवशी उघडे ठेवलेले, एक मग पाणी सावकाश घालत. एकच मग. दुसरा भरून कुणी आणलाच तर परत पाठवत. "ह्या घराचं पाणी चांगलं आहे गं," ते म्हणाले. "पण त्याला कळायला वेळ लागेल. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर बसवता बसवता बिचाऱ्याची दमछाक होते. मुकाट असतो म्हणून दिसत नाही आपल्याला."

सिस्टर पालेभाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. नाना साहेबांविषयीच बोलत होते की आणखी कुणाविषयी, हे त्यांनी विचारले नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी नानांच्या पाठीमागे 'स्वेटर घाला, इथे बसा, तिथे नको' असे जे चालवले होते ते निम्म्यावर आणले. निम्म्यावरच, सगळे सोडले तर त्या सिस्टर कसल्या!

आठव्या दिवशी साहेब ठणठणीत होते. सकाळी सिस्टर उठून बाहेर आल्या आणि त्यांची नजर आधी टाकीकडे न जाता चपलांच्या फळीकडे गेली. पिशवी नव्हती. मग पाहिले तर ती पलंगावर उघडी होती, कपडे खुंटीला लागले होते, आणि नाना लाल फितीने भिंगाची डबी बांधत बसले होते.

"जावईबापूंना सांग," ते मान वर न करता म्हणाले, "पुढच्या फेरीला पाण्याऐवजी माझं टेबल आणा. खिडकीपाशी बसेल. आणि आणखी एक. महिनाभर मी दर दोन दिवसांनी तिकडे जाऊन खालच्या न्हाव्याशी गप्पा मारून येणार. मलाही एकदम ओतायचं नाही."

"नाही ओतत," सिस्टर म्हणाल्या. "एक-एक मग."

"आणि न्हाणीघरात ती खरखरीत चटई टाकलीस ना, ती चांगली आहे. तुझी आई असती तर तिला आवडली असती."

त्याच सकाळी रेडिओवर आठाचे ठोके पडले. नाना खिडकीपाशी उभे होते. त्यांनी साखळीचे घड्याळ काढून कानाशी लावले, रेडिओकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. मग स्वयंपाकघराकडे पाठ करून, कुणी बघत नाही अशा बेताने, त्यांनी मागचे झाकण उघडले आणि भिंग लावून, मनगट खिडकीच्या चौकटीला टेकवून, आतला वेग नियमित करणारा काटा केसभर मागे सारला.

सिस्टरांनी दारातून पाहिले होते. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र नाना मग भरायला उठले, तेव्हा त्यांना राहवले नाही.

"काय नाना, टॉवरला कळवलंत का?"